धुतलेलं बियाणं

३ ऑक्टोबर

धाकटे,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आणि मी काही मागायलाही बसलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटापर्यंत तुझा जीव टांगणीला लागायचा नाही.

मला एवढंच विचारायचंय, आमच्या गावाचं नाव मदतवाल्यांना तू कळवलंस का?

परवा त्यांच्या मोठ्या गाड्या आल्या आणि गुरांच्या बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोती उतरली. गहू, डाळ, तेलाचे डबे. सोबत एक बाई आहे. डोक्यावर पसरट टोपी, ती सावलीतही काढत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिचं नाव टोपीवाली पडलं. माझी पाळी आली तेव्हा तिने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, नाक अगदी बहिणीसारखं आहे तुमचं. मग सांगितलं, की तू दवाखान्यातली ड्युटी संपवून नर्सच्या कपड्यांतच त्यांच्या कार्यालयात गेलीस आणि साहेबाने गावाचं नाव लिहून घेईपर्यंत तिथून हलली नाहीस. हे सगळ्या रांगेने ऐकलं. आता जो तो मला विचारतो, तुझ्या बहिणीचा यात काय फायदा? मीही तेच विचारतेय.

कारण फुकट कुणी कुणाला काही देत नाही, धाकटे. पोरांच्या दंडाला ते एक पट्टी गुंडाळतात. तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात, दंड जितका बारीक तितका लालाकडे. आमच्या चिमणीचा दंड पिवळ्यात आला. टोपीवाली म्हणाली, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचीच मला आधी काळजी वाटते, हे तुला माहीत आहे. पोरीच्या दंडाचं माप घेऊन हे लोक करणार काय? दिवसभर माझ्या डोक्यात तेच होतं. शेवटी चिमणीच म्हणाली, आई, त्यांनी मोजलाच फक्त, ठेवून नाही घेतला.

आमचं बरं चाललंय. तांबेऱ्याने दोन हंगाम गहू खाल्ला हे तू ऐकलंच असशील. पहिल्या वर्षी ओंब्या पोकळ निघाल्या, दुसऱ्या वर्षी ओंब्याच धरल्या नाहीत. शेतातून चालून आलं की कपडे गंज लागल्यासारखे व्हायचे. बकऱ्या विकल्या, पण त्या नाहीतरी त्रासच द्यायच्या. मदतीत अख्खा गहू मिळतो, त्यामुळे एक झालं, गिरणीचं इंजिन पुन्हा धडधडायला लागलं. तुझ्या भावोजींनी छिन्नीने दगडांना टाकी लावली, पट्ट्याला नवा सांधा मारला. दळणावळ म्हणून प्रत्येक दळणातलं थोडं पीठ आपल्याकडे राहतं. त्यावर भागतं.

हो की नाही, एवढंच कळव.

थोरली


२० ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. "हो, मीच कळवलं. त्यात माझा काही स्वार्थ नाही. चिमणीचा दंड कुठल्या रंगात आहे ते दर वेळी विचारून लिही." एवढंच. तीन वर्षांनी एवढंच. मी मात्र दोन पानं भरली होती.

आईच्या वेळीही तू अशीच बोलली होतीस, मोजूनमापून. ताई, तू इथेच थांब, मी आईला घेऊन जाते, आमच्या दवाखान्यात सगळं आहे. आणि आई परत आली ती चादरीत गुंडाळून. तिला शेवटी कुठलं इंजेक्शन दिलंत, हे मी विचारलं तेव्हा तू मान खाली घातलीस. ती मान अजून माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, मी तर पाणीही फुंकून पिते.

आता नवं ऐक. मंगळवारी गाड्या आल्या, त्यात खायचा गहू कमी होता आणि पेरणीचं बियाणं जास्त. बंदरात जहाज अडकलंय म्हणून या महिन्यापासून शिधा निम्मा, असं टोपीवालीने सांगितलं. आणि त्याच दमात बियाण्याची पोती वाटली. बियाणं लाल आहे, कुंकवात लोळवल्यासारखं. पोत्यावर परदेशी अक्षरं आणि एका कवटीचं चित्र. ती शेडच्या ओट्यावर उभी राहून ओरडून सांगत होती, की याला तांबेरा लागू नये म्हणून औषध चोळलंय, हे फक्त पेरायचं, माणसांनी खायचं नाही, जनावरांना घालायचं नाही, पोतंही वापरायचं नाही. लोक माना डोलावत होते. मागे कुणीतरी म्हणालं, कवटी बरोबर काढलीय, आपलाच फोटो आहे.

आमच्या शेजारचा सुतार तुला आठवत असेल. माझ्या लग्नात तुझ्यासाठी पाट करून दिला होता तोच. तो हसत नव्हता. रॉकेलमध्ये निळा रंग का घालतात, त्याने विचारलं. कुणी चोरून विकू नये म्हणून. निळ्या रॉकेलचा स्टो काय कमी पेटतो? तसाच हा रंग. आपण बियाणं खाऊन टाकू अशी भीती आहे त्यांना, म्हणून घाबरवतात.

सांग, यात चुकीचं काय आहे? खायला निम्मं द्यायचं आणि घराच्या कोपऱ्यात पोतंभर गहू ठेवून सांगायचं, याला हात लावू नका. असं कोण करतं? पाणी कुठेतरी मुरतंय. तू तिथल्या लोकांना ओळखतेस, दवाखान्यात आहेस. खरं काय ते लिही. त्यांना सोयीचं नको, खरं लिही. हे खाऊन मेलेलं माणूस तू डोळ्यांनी पाहिलंयस का, तेही लिही.

चिमणी अजून पिवळ्यात आहे.

थोरली


१ नोव्हेंबर

धाकटे,

तू अगदी तारेसारखं पत्र पाठवलंस. खाऊ नका, कुणालाही खाऊ देऊ नका, धुऊन रंग जातो, विष जात नाही. वाचून मी चिमणीला पोत्यापासून लांब झोपवलं. नंतर मला तुझ्याच पत्रातली दुसरी ओळ सलायला लागली. मी विचारलं होतं, असं खाऊन मेलेलं माणूस तू डोळ्यांनी पाहिलंयस का? तू लिहिलंस, पाहिलेलं नाही, शिकताना वाचलंय. म्हणजे ऐकीवच की. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

इकडे सुताराने डोळ्यांनी बघण्याची सोय केली. दोन पसे बियाणं घेतलं, पाणी बदलून बदलून धुतलं, पाणी लाल जाऊन नितळ झालं. मग ते कोंबड्यांना घातलं. सगळी गल्ली कुंपणाला टेकून कोंबड्या बघत होती, जणू नाटक लागलंय. आठवडा झाला. कोंबड्या धडधाकट आहेत. कोंबडा तर आधीपेक्षा जास्त माजलाय.

मग तो धुऊन वाळवलेलं बियाणं घेऊन दळायला आला. आधी मी नाही म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही, पण तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं. तो रागावला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरात गहू आहे आणि पोरं उपाशी झोपतात. हे मी त्यांना कोणत्या तोंडाने समजावू?"

मी इंजिन सुरू केलं.

पीठ पांढरंस्वच्छ पडलं. वासही नेहमीचा. हे दगडाशी वाकून पीठ बोटांवर घेऊन बघत होते. संध्याकाळपर्यंत आणखी चौघी ओली दुरडी डोक्यावर घेऊन आल्या. आता रोज येतात. टोपीवाली वाड्यावस्त्यांवर फिरतीवर आहे, तिला पत्ता नाही. आणि कुणी सांगणारही नाही.

तू विचारशील, म्हणून आधीच लिहिते. त्या दळणांची दळणावळ मी आपल्या पिठात मिसळलेली नाही. वेगळ्या पिंपात टाकते, मागच्या खोलीत. माझा तुझ्यावर विश्वास आहे असं समजू नकोस. माझा सुतारावरही नाही. कोंबड्या त्याच्या, धान्य त्याचं, आणि एखादी मेली असती तर ती त्याने आम्हाला दाखवली असती कशावरून? सगळं नीट कळेपर्यंत ते पीठ पिंपातच राहील. आम्ही तिघं शिध्याचाच गहू खातो. कमी पडतो, पण पातळ पेज केली की पुरतो.

थोरली


१५ नोव्हेंबर

धाकटे,

हे लिहू की नको, असा विचार करत होते. लिहायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच.

मला ह्यांचा संशय येतोय.

दुपारी हे घरी जेवायला येत नाहीत. म्हणतात, इंजिन सोडून येता येत नाही. मी चिमणीबरोबर डबा पाठवते, तर ती तो रिकामा घेऊन येते, पण तिच्या ओठांना पेज लागलेली असते. विचारलं तर म्हणते, बाबांनी मला दिली, त्यांना भूक नव्हती. कामाचं माणूस आणि भूक नाही? परवा मी अचानक गिरणीत गेले. मागच्या खोलीला आतून कडी. धुराचा वास. दार उघडलं तेव्हा हे तोंड पुसत होते. मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत. आमच्या घरात असंच भांडण होतं.

मला काय काय वाटलं ते ऐक. वाटलं, कुणीतरी ह्यांना चांगलंचुंगलं आणून देतं आणि हे पोरीला टाकून एकटे खातात. वाटलं, ते वेगळं ठेवलेलं पीठ हे गपचूप विकतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ती आंधळी मीच असं वाटून मी रात्रभर कुशी बदलल्या. दुसऱ्या दिवशी पिंपातलं पीठ सारखं केलं आणि त्यावर बोटाने एक रेघ ओढून ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर रेघ नव्हती. वरून हात फिरवून पीठ पुन्हा सारखं केलेलं. ज्याला रेघ पुसायची अक्कल आहे, त्याच्या मनात काहीतरी आहेच.

मी लक्ष ठेवून आहे. चोर सापडला की कळवते.

तू पाठवलेली दुधाची पावडर मिळाली. डबा फोडलेला नव्हता ना, ते आधी उलटसुलट करून पाहिलं. मग चिमणीला पाजली. गोड आहे म्हणाली. दंड अजून पिवळ्यातच, पण हिरव्याच्या जवळ. टोपीवाली मधे एक दिवस येऊन गेली, तेव्हा तिने पट्टी मलाच वाचायला लावली, म्हणाली, तुमचा माझ्यावर विश्वास नाही तर तुम्हीच बघा. बाई अगदीच वाईट नाही.

थोरली


२७ नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र टोपीवालीच्या गाडीने पुढे येतंय. त्याच गाडीत सुतार आहे. त्याला दिसायचं जवळजवळ बंद झालंय, हातपाय ताब्यात नाहीत. त्याला आडवं घातल्यावर गाडीत जागा उरली नाही. उद्या सकाळच्या फेरीला ती आम्हाला घेऊन येईल. चिमणीला टोपीवालीच्या मदतनीस बाईंकडे ठेवतेय. ह्यांच्यासाठी खाट तयार ठेव.

सगळं क्रमाने सांगते, म्हणजे डॉक्टरांना नीट सांगता येईल.

दहा-बारा दिवसांपूर्वी ह्यांच्या हातातून टाकीची छिन्नी सुटली. बोटं बधिर झालीत, असं म्हणाले. इंजिनच्या हादऱ्याने होतं तसं असेल, म्हणून मी तेल चोळलं. मग ओठ बधिर झाले. मग चालताना पाऊल वाकडं पडायला लागलं. गल्लीतल्या पोरांना वाटलं प्यायलेत, आणि खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तेच वाटलं. वाटलं, पीठ विकून हे होतंय तर. परवा दुपारी मी मागच्या खोलीचं दार ढकललं, कडी नीट बसली नव्हती. हे चुलीपाशी बसून त्या वेगळ्या पिंपातल्या पिठाची रोटी खात होते. हातातून तुकडा निसटत होता, दोन्ही हातांनी धरून खात होते.

मी पिंपाकडे पाहिलं. अर्ध्याच्या खाली गेलं होतं.

मी विचारलं, कधीपासून. ह्यांनी तुकडा खाली ठेवला. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "शिधा तिघांना पुरत नव्हता. दोघींना पुरत होता."

एवढंच. जणू दळणाचा हिशोब सांगावा तसं.

धाकटे, मी चोर पकडायला रेघ ओढून बसले होते. पीठ वेगळं ठेवलं, त्याचा मला केवढा अभिमान होता. ते टाकून द्यावं एवढं मात्र मला सुचलं नाही. खरं म्हणजे टाकवलं नाही. भुकेच्या वर्षात पीठ कोण टाकतं? मी ते मागच्या खोलीत ठेवलं, कडी लावली आणि रोज त्यांना तिथे कामाला पाठवलं.

त्याच वेळी बाहेर सुताराची बायको दळण घेऊन उभी होती. धुतलेलंच. तोपर्यंत सुतार खाटेला लागला होता, पण तिला वाटत होतं अशक्तपणा आहे, खायला घातलं की उठेल. मी इंजिन बंद केलं. पट्टा उतरवला, सुरीने त्याचे तुकडे केले आणि ते तुकडे चुलीत घातले. रबराचा धूर गल्लीभर झाला. लोक धावत आले. मी सगळ्यांना सांगितलं, धुतलं तरी यात विष आहे, आता दळणार नाही, कुणीच खाऊ नका.

कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. काल तर चाललं होतं, आज विष कसं झालं? बहिणीचं पत्र आलं असेल. मदतवाल्यांनी हिला आतून काहीतरी दिलं असेल. हिचं स्वतःचं पिंप भरलं, आता आमचं बंद करतेय. त्यांच्या जागी मी असते तर मीही अगदी हेच म्हटलं असतं, शब्दही बदलला नसता.

टोपीवाली काल पुन्हा फिरतीवरून परतली. सुताराचे डोळे, हात तपासले. मी तिला सोडलं नाही. म्हटलं, भुकेल्या घरात विष आणून ठेवता आणि त्याच दिवशी शिधा निम्मा करता, तुम्ही मोठी माणसं शिकता तरी काय? ती म्हणाली, बियाणं उशिरा पाठवा असं तिने वर कळवलं होतं, पण पेरणी चुकेल म्हणून त्यांनी पाठवलं. मग म्हणाली, "हे मी तुमच्यासमोर म्हणतेय, त्यांच्यासमोरही म्हणेन. आमचं चुकलं." चूक कबूल करणारा साहेब मी पहिल्यांदा पाहिला. तरी तिच्यावरचा राग गेला नाही. माझा माझ्यावरचाही गेला नाही.

उद्या येतो. ह्यांना दवाखान्याची भीती वाटतेय, आईमुळे. बोलत नाहीत, पण शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घेताना ते माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, तिथे धाकटी आहे. आता हे वाक्य खोटं पडू देऊ नकोस.

थोरली


१९ जानेवारी

धाकटे,

सुखरूप पोचलो, त्याला आठवडा झाला. दवाखान्यातून ह्यांना घरी आणायला तू नको म्हणत होतीस, म्हणून आधी घरची खबर देते. भिंत धरून घरभर फिरतात. रोटीचा तुकडा आता निसटत नाही. नजर मात्र तू म्हणालीस तशीच राहिली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. चिमणी डावीकडून आली की दचकतात, म्हणून ती आता लांबूनच समोर येऊन उभी राहते आणि सलाम ठोकते.

त्या दिवशी वॉर्डाच्या पायऱ्यांवर तू मला जे सांगितलंस त्याला मी तोंडी उत्तर दिलं नाही, ते लिहूनच देते. तू म्हणालीस, ताई, यावर औषध नाही. आहे ते एवढ्यावर थांबवू, गेलेलं परत आणता येईल का ते सांगता येत नाही. आणि आईच्या वेळीही माझ्याकडे तुला सांगायला काही नव्हतं, म्हणून मान खाली घातली. धाकटे, खोटं बोलायचं असतं तर तू औषध आहे म्हणाली असतीस. त्या पायरीवर मला ते कळलं.

आता इकडचं. तू गाडीत बसवताना म्हणालीस ते खरं निघालं, पट्टा जाळून काही थांबलं नव्हतं. बायका पाट्यावर दगडाने भरडत होत्या. सुतार तुमच्या दवाखान्यातच वारला, ते गावाला कळलं. तरी लोक म्हणत होते, इथे असता तर जगला असता, तिथे नेऊन मारला. हे वाक्य मी ओळखलं. तीन वर्षं मीच ते जपून ठेवलं होतं.

टोपीवालीकडे आता पूर्ण शिधा आलाय, जहाज सुटलं. उरलेलं लाल बियाणं परत द्या, जेवढं द्याल तेवढाच खायचा गहू शिध्यावर जादा घ्या, असं तिने जाहीर केलं. कुणी आलं नाही. उलट पोती जमिनीत पुरली, गवताखाली दडवली. लोकांचं म्हणणं, ते परत मागतायत म्हणजे नक्कीच चांगलं आहे. मी तिच्याबरोबर दारोदार फिरले. निम्मी दारं माझं तोंड बघून बंद झाली. सुताराच्या बायकोने उघडलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पीठ तूच दळलंस. तेव्हा खरं बोलत होतीस की आता?"

मी तिथून सरळ घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ह्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं. भिंत धरून माझ्यापाशी येऊन बसले. मग म्हणाले, "मला शेडवर घेऊन चल. बोलून नाही पटत, तर दाखव."

मी नाही म्हटलं. तू त्यांना ओळखतेस. गिरणीत चार माणसं जमली तर पाठ फिरवून काम करणारा माणूस, स्वतःच्या लग्नातही मांडवाच्या कोपऱ्यात उभा होता. त्यांनी गावासमोर असं पडत-झडत चालायचं? लोक हसतील, म्हटलं. तर म्हणाले, हसले तरी बघतील.

काल सकाळी शिधावाटप होतं, सगळं गाव शेडमध्ये. मी त्यांना दारापर्यंत आणलं. तिथे त्यांनी माझा हात सोडवला आणि एकटे निघाले, ओट्याच्या दिशेने. मधे मोकळी जमीन आहे, गुरं बांधायचे खुंटे आहेत. पाय कुठे टाकतोय ते बघायला मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की तोल जातो. दोनदा पडले. पहिल्यांदा कुणी पुढे झालं नाही. दुसऱ्यांदा दोघंतिघं उठले, तर ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि खुंट्याला धरून स्वतः उभे राहिले. कुणी हसलं नाही. पोरंसुद्धा नाही. ओट्याशी पोचल्यावर ह्यांनी खिशातून मूठभर गहू काढला, शिध्याचा, आणि तळहातावर धरून बोटं मिटायचा प्रयत्न केला. मिटली नाहीत. दाणे सांडत राहिले.

"मी धुऊनच खाल्लं होतं," एवढंच म्हणाले. आवाज जड झालाय, अर्धं कुणाला कळलं नसेल.

सगळ्यात आधी सुताराची बायको उठली. घरी गेली आणि पोतं ओढत घेऊन आली. एकटीने, ओढत, धूळ उडवत. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पोतं ह्यांच्या पायाशी ठेवलं, ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि शिध्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मग आणखी काही जण उठले. पोती, मडकी, उशांच्या अभ्र्यात भरलेलं, एकीने तर पाळण्याच्या गादीत शिवलं होतं ते उसवून आणलं. टोपीवाली खाली बसून मापत होती. तिची मापं चुकत होती, पण कुणी हुज्जत घातली नाही.

ऊन चढलं तेव्हा ओघ थांबला. मी ह्यांना ओट्यावर बसवलं होतं, पोत्यांच्या ढिगाकडे तोंड करून. ढीग बराच मोठा दिसत होता. शेडच्या दोन्ही कडांना मात्र लोक हाताची घडी घालून तसेच उभे होते, आमच्याकडे बघत, एकमेकांच्या कानात बोलत. बरेच होते.

ह्यांनी विचारलं, "किती जणांनी आणलं?"

मी म्हटलं, "सगळ्यांनी."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. आज सकाळपासून मी त्या उरलेल्यांच्या दारांवर जातेय.

थोरली